फळाची चाहूल : मेंदूतील ‘सुखकेंद्र’ या नावाची चूक आणि तिच्या दुरुस्तीचा इतिहास

१/२६
‘डोपामिन म्हणजे आनंदाचे रसायन’ हे वाक्य आज शाळकरी मुलांनाही पाठ झाले आहे. मोबाइलवर लाइक आली की डोपामिन, जिलबी खाल्ली की डोपामिन, सामना जिंकला की डोपामिन. हे वाक्य सर्वस्वी खोटे नाही. पण ते जुन्या काळाच्या शास्त्रातून आलेले आहे. मेंदूतील ज्या यंत्रणेला एकेकाळी ‘सुखकेंद्र’ म्हटले गेले, ती फळ हाती पडण्यापेक्षा फळाची चाहूल लागण्याशी अधिक बांधलेली आहे, हे कळायला जवळजवळ अर्धे शतक गेले. हा थ्रेड त्या चुकलेल्या नावाचा आणि त्याच्या दुरुस्तीचा.

२/२६
आरंभ रक्तापासून करावा लागतो, कारण मेंदूची आजची रंगीत चित्रे मुळात रक्ताची चित्रे आहेत. १८८० च्या सुमारास इटलीतील तुरीन येथे आंजेलो मोस्सो हा शरीरशास्त्रज्ञ कवटीला इजा झालेल्या एका शेतकऱ्याचे निरीक्षण करीत होता. कवटीच्या खिंडारातून मेंदूची स्पंदने नोंदवता येत. दुपारी चर्चच्या घंटा वाजल्या आणि मेंदूच्या स्पंदनांत वाढ दिसली. हाताच्या स्पंदनांत मात्र तसा बदल नव्हता. घंटेने त्या माणसाला प्रार्थनेची आठवण करून दिली असावी, असे मोस्सोने ताडले. मनात काही घडले की मेंदूतील रक्तप्रवाह बदलतो, याची ही फार जुनी नोंद आहे.

३/२६
मोस्सोने पुढे एक मोठा तराजूच बनवला. माणसाला फळीवर आडवे झोपवायचे, फळी समतोल करायची आणि मग त्याला विचार करायला लावायचे. डोक्याकडे रक्त गेले तर फळी तिकडे झुकेल, अशी कल्पना. १८९० साली केंब्रिजच्या चार्ल्स रॉय आणि चार्ल्स शेरिंग्टन यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून अधिक नेमका विचार मांडला : मेंदूचा जो भाग काम करतो, त्याच्या गरजेप्रमाणे त्याचा रक्तपुरवठा बदलतो. शेतातला पाट जसा तहानलेल्या वाफ्याकडे वळवावा, तसेच हे. पुढच्या शंभर वर्षांचे मेंदूचित्रण या एका तत्त्वावर उभे राहिले.

४/२६
आता कॅनडातील माँट्रियल शहर, १९५३. मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या विभागात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर हे दोघे तरुण संशोधक उंदरांच्या मेंदूत बारीक विद्युत्-तारा बसवत होते. एका उंदराच्या बाबतीत तार ठरलेल्या जागी न बसता भलतीकडे गेली. टेबलाच्या एका कोपऱ्यात असताना त्या उंदराला सौम्य विद्युत्-प्रवाह दिला गेला, आणि उंदीर पुन्हा पुन्हा त्याच कोपऱ्याकडे येऊ लागला. जणू त्या कोपऱ्यात काहीतरी ठेवलेले होते. वास्तविक तिथे काहीच नव्हते. होता तो फक्त प्रवाह.

५/२६
मग उंदरांपुढे एक दांडी ठेवली गेली. दांडी दाबली की प्रवाह मिळे. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाने खळबळ उडाली, कारण उंदीर ती दांडी अखंड दाबत राहत. पुढच्या प्रयोगांत काही उंदरांनी तासाला दोन हजारांहून अधिक वेळा ती दाबली. प्रवाह मिळावा म्हणून ते वेदना देणारी जाळी ओलांडून जात. १९५६ साली ओल्ड्सने सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच ‘सुखकेंद्रे’ हा शब्द होता. नाव सोपे होते, आकर्षक होते. ते लगेच रूढ झाले.

६/२६
या नावात एक गृहीतक लपलेले होते. उंदीर दांडी दाबतो, याचा अर्थ त्याला सुख होते, असे मानले गेले. पण उंदीर बोलत नाही. जे सुखावते त्याने केव्हातरी तृप्ती यायला हवी. पोटभर जेवलेला माणूस ताट बाजूला सारतो. हे उंदीर मात्र दमून जाईपर्यंत दांडी सोडत नव्हते. त्यांना सुख मिळत होते, की ‘अजून एकदा’ ही ओढ मिळत होती? त्या काळी या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या जात नव्हत्या, म्हणून हा प्रश्न बराच काळ मागे पडला.

७/२६
दरम्यान या कथेचा एक धागा मुंबईत विणला जात होता. सर्पगंधा ही वनस्पती भारतीय वैद्यकाला जुन्या काळापासून परिचित. परळच्या केईएम रुग्णालयाशी संबंधित हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९४९ साली तो ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. त्यामुळे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातील प्रभावी घटक वेगळा केला. त्याचे नाव रेसर्पिन.

८/२६
रेसर्पिनने रक्तदाब उतरे, पण काही रुग्ण सुस्त आणि उदास होत. का, हे शोधताना स्वीडनमधील लुंड येथे आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे हालचाल थांबवून पडून राहिले. मग त्यांना एल-डोपा टोचले, ज्यापासून शरीरात डोपामिन बनते. थोड्याच वेळात ससे कान टवकारून उठले. हे वर्ष १९५७. याच वर्षी वकील यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. तोपर्यंत केवळ मधला टप्पा समजले जाणारे डोपामिन स्वतःच मेंदूतील संदेशवाहक आहे, हा विचार येथून रुजला. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

९/२६
१९६० च्या दशकात स्वीडिश संशोधकांनी डोपामिनच्या पेशींचा नकाशा काढला. मेंदूच्या बुंध्याजवळील एका लहानशा पुंजक्यातून निघणारे तंतू वर स्ट्रायटम नावाच्या खोल भागात आणि त्यातील न्यूक्लियस ॲक्युम्बेन्स या केंद्रात पोहोचतात. ओल्ड्सच्या उंदरांना वेड लावणाऱ्या अनेक जागा याच वाटेवर होत्या. डोपामिन रोखणारी औषधे दिली की प्राण्यांचा अन्नातला रस कमी होतो, असेही दिसले. १९८२ साली माँट्रियलमधीलच रॉय वाइज यांनी सिद्धान्त मांडला की डोपामिन रोखले तर गोष्टींतला आनंदच नाहीसा होतो. ‘आनंदाचे रसायन’ ही ओळख या काळात पक्की झाली.

१०/२६
तिला पहिला मोठा तडा १९८९ मध्ये गेला. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन उंदरांचे चेहरे पाहत होते. गोड चव लागली की उंदीर ओठांवरून जीभ फिरवतो, कडू लागली की तोंड वासतो. तान्ह्या बाळांचेही तसेच. डोपामिन जवळजवळ नष्ट केलेले उंदीर अन्नाकडे जात नसत, समोर अन्न असून उपाशी राहत. पण त्यांच्या जिभेवर साखरपाणी सोडले की ते पूर्वीइतक्याच आवडीने ओठ चाटत. गोडी शाबूत होती. गेली होती ती गोडीकडे जाण्याची ओढ. ‘आवडणे’ आणि ‘हवे असणे’ या दोन गोष्टी प्रथमच प्रयोगात वेगळ्या झाल्या.

११/२६
दुसरा तडा स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर येथे गेला. वोल्फ्राम शुल्ट्झ यांना माकडांच्या मेंदूतील डोपामिन पेशींचा हालचालींशी असलेला संबंध तपासायचा होता, कारण कंपवातात याच पेशी मरतात. १९८० च्या दशकात त्यांनी एकेका पेशीचे विद्युत्-स्पंदन टिपायला सुरुवात केली. पेशी हालचालीला फारशी दाद देईनात. माकडाला सफरचंदाचा तुकडा किंवा रसाचा थेंब मिळाला की मात्र त्या झटकन उसळत. इथपर्यंत सारे ‘सुखकेंद्रा’च्या कल्पनेला धरूनच होते. पुढे जे दिसले, ते मात्र तिच्यात बसणारे नव्हते.

१२/२६
रस मिळण्याआधी दरवेळी एक दिवा लावला जाऊ लागला. माकडाला संबंध उमगला, आणि पेशींचे उसळणे रसाच्या क्षणावरून सरकून दिव्याच्या क्षणावर आले. रस मिळताना त्या आता शांत होत्या. रस तोच, जीभ तीच, गोडी तीच. पेशींना मात्र त्यात सांगण्यासारखे काही उरले नव्हते. आणि दिवा लागूनही रस दिला नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी पेशींचे स्पंदन नेहमीपेक्षा खाली जाई. न आलेल्या गोष्टीचीही मेंदूत नोंद होत होती.

१३/२६
या वर्तनाला गणित आधीच तयार होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस लिऑन कामिन यांनी दाखवले होते की परिणामाचा अंदाज आधीच बांधता येत असेल तर प्राणी नवी खूण शिकत नाही. १९७२ मध्ये रॉबर्ट रेस्कोर्ला आणि ॲलन वॅग्नर यांनी त्याचे समीकरण केले : शिकणे म्हणजे अपेक्षा आणि वास्तव यांतील फरक भरून काढणे. संगणकशास्त्रात रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी हीच कल्पना क्षणाक्षणाच्या अंदाजांना लावली. १९९७ साली शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात हे दोन्ही प्रवाह एकत्र आणले.

१४/२६
त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा : डोपामिन पेशी सुखाची मोजणी करीत नाहीत; त्या अंदाजातील चूक मोजतात. अपेक्षेहून अधिक मिळाले तर उसळी, अपेक्षेइतकेच मिळाले तर शांतता, कमी मिळाले तर घसरण. ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण आधीच हिशेब मांडणाऱ्याला हसते. पण मेंदूचे कामकाज नेमके असेच चालते. तुरी घरी येण्याची तो वाट पाहत नाही. बाजाराची वाट दिसली की त्याचा हिशेब सुरू होतो.

१५/२६
हे सारे उंदीर आणि माकडांत. माणसाचे काय? निरोगी माणसाच्या मेंदूत तार घालता येत नाही, आणि न्यूक्लियस ॲक्युम्बेन्स ही शेंगदाण्याएवढी गोष्ट मेंदूच्या खोल गाभ्यात आहे. १९९८ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात एक वाट सापडली. स्वयंसेवकांना किरणोत्सारी खूण असलेले एक द्रव्य दिले गेले, जे डोपामिनच्याच जागांवर जाऊन बसते. मग त्यांना रणगाड्याचा व्हिडिओ गेम खेळायला दिला. पुढची पातळी गाठली की पैसे. एसटीत आधीच प्रवासी बसले असतील तर नव्याला बाक मिळत नाही, तसे झाले. खेळताना खुणेच्या द्रव्याला जागा कमी पडल्या. म्हणजे तिथे डोपामिन आले होते.

१६/२६
पण या तंत्राचे एक चित्र मिळायला बराच वेळ लागे; अपेक्षा आणि प्राप्ती वेगळ्या करायच्या तर सेकंदांचा हिशेब हवा. तो मिळाला रक्तातील लोहामुळे. प्राणवायू असलेले आणि नसलेले हिमोग्लोबिन चुंबकाला वेगवेगळी दाद देते, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्येच दाखवले होते. १९९० साली बेल प्रयोगशाळेतील सेइजी ओगावा यांनी त्याचा उपयोग करून उंदरांच्या मेंदूतील रक्ताचा फरक एमआरआयमध्ये टिपला. १९९२ मध्ये अमेरिकेतील अनेक गटांनी तो माणसांत टिपला. मोस्सोच्या तराजूला शंभर वर्षांनी योग्य वारस मिळाला : एफएमआरआय.

१७/२६
हे यंत्र नेमक्या प्रश्नाला लावणाऱ्यांपैकी एक ब्रायन नटसन. त्यांनी आधी याक पँकसेप यांच्यासोबत उंदरांवर काम केले होते. उंदीर माणसाला ऐकू न येणाऱ्या उंच स्वरात चिवचिवतात. १९९८ मध्ये या गटाने दाखवले की लहान उंदीर खेळतानाच नव्हे, तर जिथे खेळ होणार आहे त्या जागी ठेवल्यावर, खेळ सुरू होण्याआधीही असे चिवचिवतात. गणपती येण्याआधीच घरातली मुले हरखून जातात, त्याचीच ही उंदरांतली आवृत्ती. नटसन यांना आता हाच क्षण माणसात पकडायचा होता : मिळाल्याचा नव्हे, मिळणार असल्याचा.

१८/२६
अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या बेथेस्डा येथील परिसरात त्यांनी एक साधा खेळ रचला. यंत्रात पडलेल्या माणसाला पाव सेकंद एक आकृती दिसे. वर्तुळ म्हणजे पैसे मिळण्याची संधी, चौकोन म्हणजे पैसे जाण्याचा धोका. आतल्या रेघांवरून रक्कम कळे, वीस सेंटपासून पाच डॉलरपर्यंत. मग सुमारे दोन-अडीच सेकंद रिकामे. त्यानंतर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच एक खूण चमकून जाई. तेवढ्यात बटण दाबले तर जिंकलात. शेवटी निकाल. या खेळातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे मधले रिकामे सेकंद. तिथे काहीही मिळालेले नसते. असते फक्त वाट पाहणे.

१९/२६
२००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या रिकाम्या सेकंदांशी जुळणारी न्यूक्लियस ॲक्युम्बेन्समधील हालचाल वाढत होती, आणि अपेक्षित रक्कम जितकी मोठी तितकी ती अधिक होती. पैसे जाण्याच्या भीतीने त्या जागी तशी वाढ दिसली नाही. त्याच वर्षीच्या आणखी एका निबंधात निकालाचा क्षण वेगळा काढला गेला. जिंकल्याची नोंद प्रामुख्याने कपाळामागच्या मधल्या भागात दिसली. म्हणजे उंबरठ्यावरची ओढ एका जागी आणि घरात आल्याची पोच दुसऱ्या जागी. ओल्ड्सने ‘सुख’ म्हटलेल्या प्रदेशाचा माणसातला चेहरा आता अधिक स्पष्ट झाला होता.

२०/२६
त्याच वर्षी अटलांटातील ग्रेगरी बर्न्स, रीड मॉन्टेग्यू आणि सहकाऱ्यांनी यंत्रात पडलेल्या माणसांच्या तोंडात फळांचा रस आणि पाणी थेंबाथेंबाने सोडले. कधी ठरलेल्या क्रमाने, कधी अनपेक्षितपणे. न्यूक्लियस ॲक्युम्बेन्स अनपेक्षित थेंबांना अधिक दाद देत होते. कोणाला रस आवडतो आणि कोणाला पाणी, याचा मात्र तिथल्या हालचालीशी मेळ बसला नाही. माकडांत शुल्ट्झ यांनी पाहिलेली गोष्ट माणसाच्या रक्तप्रवाहातही उमटली होती. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कंपवाताच्या शस्त्रक्रियेदरम्यान रुग्णांच्या पेशींचे थेट स्पंदन टिपले गेले. अनपेक्षित लाभाला त्यांनीही अशीच दाद दिली.

२१/२६
सर्वांत सुंदर पुरावा पुन्हा माँट्रियलमधून आला. २०११ साली मॅकगिलमधील वलोरी सालिमपूर, रॉबर्ट झॅटोर आणि सहकाऱ्यांनी अंगावर रोमांच आणणारे आपापले आवडते संगीत लोकांना ऐकवले आणि दोन्ही तंत्रे एकत्र वापरली. रोमांच येण्याच्या क्षणी न्यूक्लियस ॲक्युम्बेन्स सक्रिय होते. पण त्याच्या काही सेकंद आधी, ती जागा जवळ येत असताना, स्ट्रायटमचा दुसरा भाग, कॉडेट, कामाला लागला होता. ‘ॲक्युम्बेन्स म्हणजे केवळ अपेक्षा’ अशी नवी सोपी पाटीही म्हणून चालणार नाही. मात्र गाण्यात समेची वाट पाहणे हा समेइतकाच मोठा अनुभव आहे, हे श्रोत्यांना ठाऊक असलेले सत्य येथे मोजले गेले.

२२/२६
शब्दाच्या या दुरुस्तीने काय साधले? २००५ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी कंपवाताच्या ११ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. डोपामिनची नक्कल करणारी औषधे सुरू असताना त्यांना जुगाराचे व्यसन जडले होते. डोपामिन निव्वळ सुख देत असते, तर ही माणसे घरी बसून सुखात राहायला हवी होती. तसे झाले नाही. त्यांची ‘पुढचा डाव’ ही ओढ वाढली. औषध कमी केल्यावर किंवा थांबवल्यावर अनेकांचे वेड ओसरले. अशा रुग्णाला चारित्र्यहीन ठरवायचे की त्याच्या गोळीची मात्रा तपासायची, हा फरक ‘सुख’ आणि ‘ओढ’ या दोन शब्दांतील फरकावर अवलंबून आहे.

२३/२६
व्यसनाचेही तसेच. २००७ साली बर्लिनमधील संशोधकांनी दारू सोडलेल्या व्यक्तींना नटसन यांचा खेळ दिला. पैशाच्या अपेक्षेने त्यांच्या मेंदूतील या भागात इतरांपेक्षा कमी हालचाल झाली; दारूशी निगडित चित्रे दिसली की मात्र ती अधिक झाली. जगातील बाकीच्या फळांची चाहूल मंद झालेली आणि एकाच गोष्टीची तीव्र. दारूड्याला पिण्यात फार मजा येते म्हणून तो पितो, असे समाज समजत आला. बेरिज आणि रॉबिन्सन यांचे म्हणणे याहून दुःखद आहे : आवड कमी होत जाते, आणि तरीही ‘हवे आहे’ ही हाक वाढत जाते.

२४/२६
आता इशारा. एफएमआरआय विचार दाखवत नाही. तो रक्त दाखवतो, तेही पाच-सहा सेकंद उशिराने. २००९ साली काही संशोधकांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’, आणि गणितात पुरेशी काळजी न घेतल्यास त्याच्या मेंदूतही ‘हालचाल’ सापडते हे सिद्ध केले. २०१२ मध्ये त्यांना इग नोबेल मिळाले. दुसरा धोका उलट्या तर्काचा : अपेक्षेच्या वेळी ॲक्युम्बेन्स सक्रिय होते, म्हणून ते सक्रिय दिसले की अपेक्षा आहेच, असे म्हणता येत नाही. २०२० मधील एका मोठ्या पडताळणीत, एकाच माणसाची अशी मोजमापे दोन वेळा घेतली तर पुरेशी जुळत नाहीत, असेही आढळले.

२५/२६
‘किशोरांचा मेंदू बक्षिसासाठी वेडा असतो’ हे विधानही याच कसोटीवर घासावे. २००४ मध्ये नटसन यांच्याच खेळात किशोरांची अपेक्षेच्या वेळची हालचाल तरुणांपेक्षा कमी आढळली. २००६ मधील वेगळ्या खेळात ती मुले आणि प्रौढ दोघांपेक्षा जास्त आढळली. खेळ बदलला, मोजण्याचा क्षण बदलला, निष्कर्ष बदलला. म्हणून पुढे संख्या वाढवली गेली. युरोपातील एका प्रकल्पात १४ वर्षांच्या सुमारे दोन हजार मुलांनी आणि अमेरिकेतील एका प्रकल्पात नऊ-दहा वर्षांच्या अकरा हजारांहून अधिक मुलांनी भाग घेतला आहे. दोन्हींत नटसन यांच्या खेळाची रूपे वापरली जातात, आणि तीच मुले मोठी होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासली जातात.

२६/२६
२००७ मध्ये नटसन यांच्या गटाने यंत्रातच दुकान मांडले. आवडती वस्तू दिसली की ॲक्युम्बेन्स जागे होई; किंमत अवाजवी वाटली की इन्सुला नावाचा दुसरा भाग; आणि खरेदी होणार की नाही, याचा काही अंदाज त्यावरून आधीच बांधता येई. बाजाराला या संशोधनात रस का आहे, ते यावरून कळावे. आपल्याला तृप्त करून त्याचा निभाव लागत नाही. त्याला चाहूल जिवंत ठेवावी लागते. ओल्ड्सच्या उंदरांनी दांडी दाबत राहून हेच दाखवले होते, पण तेव्हा माणसांनी त्याला ‘सुख’ असे नाव दिले. नाव चुकले की इलाज चुकतो, दोषही चुकीच्या माणसावर जातो. म्हणून पुढच्या वेळी कोणी ‘आनंदाचे रसायन’ म्हटले, तर त्या जागी ‘ओढ’ हा शब्द ठेवून तेच वाक्य पुन्हा वाचावे.